विश्लेषण : गोळीच्या नावापुढची ‘एसआर’, ‘एक्सआर’ ही अक्षरे काय सांगतात? अशी गोळी तोडून का घेऊ नये?

मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर. औषध तेच, मात्रा तीच, पुष्कळदा कंपनीही तीच. फरक दोन अक्षरांचा. ‘एसआर संपलीय, साधी देऊ का?’ असे मेडिकलमध्ये विचारले जाते आणि आपण ‘द्या’ म्हणून मोकळे होतो. घरी आजींना मोठी गोळी गिळवत नाही, म्हणून ती खलबत्त्यात कुटून चमच्याने पाण्यातून दिली जाते. दोन्ही ठिकाणी कुणाचा हेतू वाईट नसतो. काही औषधांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडतही नाही. काहींच्या बाबतीत मात्र चोवीस तासांसाठी भरलेले औषध तासा-दोन तासांत रक्तात उतरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. या दोन आजारांवरच्या नेहमीच्या अनेक गोळ्या आज सावकाश विरघळणाऱ्या स्वरूपात मिळतात. म्हणजे हा विषय प्रयोगशाळेतला नाही, घरातल्या गोळ्यांच्या डब्यातला आहे.

औषध सावकाश सोडण्याची गरज का भासली?

साधी गोळी पोटात गेली की थोड्याच वेळात फुटते आणि विरघळते. औषध आतड्यातून रक्तात जाते, त्याची पातळी झपाट्याने चढते. मग यकृत आणि मूत्रपिंडे ते बाहेर काढू लागतात आणि पातळी उतरते. रक्तातील औषध निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, त्याला त्या औषधाचे ‘अर्धायुष्य’ म्हणतात. मेटफॉर्मिनचे सुमारे सहा तास, निफेडिपिन या रक्तदाबावरील औषधाचे जेमतेम दोन तास. उलट अमलोडिपिनचे ३० ते ५० तास. त्यामुळे साध्या अमलोडिपिनची दिवसातून एक गोळी पुरते, तिला कुठल्याही यंत्रणेची गरज नाही. कमी अर्धायुष्याचे औषध मात्र दिवसातून तीन-चार वेळा घ्यावे लागते आणि प्रत्येक वेळी तोच चढ-उतार.

शेतातले उदाहरण घेतले तर फरक लगेच कळेल. पाटाने पाणी सोडले की आधी सरी तुडुंब भरते, मग चार दिवसांनी भेगा पडतात. ठिबकवर तेच पाणी मुळाशी थेंबाथेंबाने पडत राहते. रक्तातील औषधाच्या तुडुंब अवस्थेत दुष्परिणाम होतात (मेटफॉर्मिनच्या बाबतीत मळमळ, जुलाब, पोटात गडबड) आणि कोरड्या अवस्थेत आजार डोके वर काढतो. सावकाश सुटणारी गोळी म्हणजे पोटातले ठिबक.

वेग किती निर्णायक असतो, हे निफेडिपिनने दाखवून दिले. एके काळी रक्तदाब एकदम वाढलेल्या रुग्णाला निफेडिपिनची मऊ कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याची पद्धत जगभर रूढ होती. आकडा मिनिटांत खाली यायचा, नातेवाईक हुश्श करायचे. पण रक्तदाब असा धाडकन कोसळला की मेंदूला आणि हृदयाला रक्त अपुरे पडते. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके नोंदवले जाऊ लागले. १९९६ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवण्याची मागणी करणारा लेख आला आणि ती मागे पडली. औषध मात्र बाद झाले नाही. तेच निफेडिपिन सावकाश सुटणाऱ्या गोळीत आज गरोदरपणातील उच्च रक्तदाबावर वापरले जाते. रेणूत काही बदल झालेला नाही, बदलला तो वेग.

अर्थात चोवीस तास एकसारखी पातळी ठेवणे हेच प्रत्येक वेळी उद्दिष्ट असते असे नाही. छातीतल्या कळेवर दिल्या जाणाऱ्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची सावकाश सुटणारी गोळी सकाळी एकदाच घ्यायची असते आणि रात्री तिची पातळी मुद्दाम खाली येऊ दिली जाते. हे औषध सतत रक्तात राहिले तर शरीर त्याला सरावते आणि ते काम करीनासे होते. ‘रात्रीही जरा बरे वाटावे’ म्हणून स्वतःच्या मनाने दुसरी गोळी घेणारा रुग्ण त्या औषधाची धार बोथट करतो.

गोळीच्या आत नेमकी काय यंत्रणा असते?

पहिली व्यापारी यशाची युक्ती १९५२ मधली. स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ नावाची कॅप्सूल बाजारात आणली. तिच्यात शेकडो बारीक दाणे होते. काही दाण्यांवर पातळ थर, काहींवर जाड. पातळ थराचे दाणे आधी विरघळत, जाड थराचे नंतर. आजही पारदर्शक कॅप्सूलमध्ये दिसणारे रंगीत मणी बहुतेक वेळा याच कुळातले असतात, आणि रंग शोभेसाठीच असतात असे नाही.

आज सर्वाधिक वापरात असलेली रीत याहून साधी आणि स्वस्त. औषधाची भुकटी एका विशिष्ट सेल्युलोजमध्ये मिसळून गोळी दाबली जाते. पाणी लागताच गोळीचा बाहेरचा भाग फुगून जेलीसारखा होतो. सब्जा पाण्यात टाकल्यावर त्याभोवती जसा बुळबुळीत थर धरतो, तसाच. आतले औषध या थरातून हळूहळू बाहेर झिरपते, बाहेरचा थर झिजतो, आत नवा तयार होतो. मेटफॉर्मिनच्या बहुतेक एसआर गोळ्या अशाच असतात. त्या इतक्या मोठ्या का, याचे उत्तरही इथेच आहे : ५०० किंवा १००० मिलिग्रॅम औषधाबरोबर जेली बनवणारा हा मालही भरावा लागतो.

तिसरी यंत्रणा म्हणजे छोटेखानी पंपच. अलेहांद्रो झाफरोनी यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘अल्झा’ कंपनीत ती आकाराला आली. गोळीभोवती असे कवच असते, की ज्यातून पाणी आत येते पण औषध बाहेर जात नाही. कवचाला लेझरने एक सूक्ष्म छिद्र पाडलेले असते. आत शिरलेल्या पाण्याने दाब वाढतो आणि औषध त्या छिद्रातून ठरावीक गतीने बाहेर ढकलले जाते. पुढच्या प्रकारात आत दोन कप्पे आले : एकात औषध, दुसऱ्यात पाण्याने फुगणारा पदार्थ, जो पिचकारीच्या दट्ट्यासारखा औषधाला रेटतो. निफेडिपिनची दिवसातून एकदा घ्यायची गोळी याच तंत्राने बनली.

या पंपाचे कवच विरघळत नाही. सारे औषध सोडून झाल्यावर ते जसेच्या तसे शौचातून बाहेर पडते. मेटफॉर्मिनच्या एसआर गोळीचाही मऊ लगदा कधी कधी गोळीच्या आकारात बाहेर येतो. ‘गोळी पचतच नाही’ अशी समजूत करून घेऊन औषध बंद करणारे रुग्ण असतात. प्रत्यक्षात ती रिकामी टरफले असतात.

यंत्रणा फसतेही. इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाची पंप-गोळी ‘ऑस्मोसिन’ नावाने ब्रिटनमध्ये आली आणि १९८३ मध्ये परत घ्यावी लागली. काही रुग्णांच्या आतड्यांना छिद्रे पडल्याच्या नोंदी झाल्या होत्या. आतड्याला झोंबणारे औषध एका बारीक छिद्रातून एकाच जागी सुटत राहिले तर काय होते, याचा तो धडा होता.

‘जेवणानंतर’ हा शब्द इथे अधिक महत्त्वाचा का?

गोळीचे घड्याळ पोटाच्या घड्याळाशी जुळावे लागते. जठरातून अन्न पुढे सरकायला दोन ते चार तास, लहान आतड्यातून जायला आणखी तीन-चार तास. उरलेला मोठा काळ गोळी मोठ्या आतड्यात असते. चोवीस तासांची गोळी बनवायची तर औषध मोठ्या आतड्यातूनही शोषले गेले पाहिजे. मेटफॉर्मिनची अडचण अशी, की ते मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते. म्हणून एसआर गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. भरलेल्या पोटात फुगलेली गोळी अधिक वेळ थांबते आणि तिथून औषध थोडे थोडे पुढे जात राहते. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकानुसार जेवणाबरोबर घेतल्यास शोषण सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे रात्री नुसते दूध पिऊन ही गोळी घेणाऱ्याची सकाळची साखर वाढलेली दिसली, तर दोष औषधाचाच असेल असे नाही.

प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनचे उलट आहे. रिकाम्या पोटी घेतले तर त्याची रक्तातील पातळी जास्त चढते आणि उठताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. सत्तरीतल्या माणसाला रात्री लघवीला उठताना आलेली चक्कर म्हणजे मोडलेला खुबा. ‘रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने’ ही सूचना त्यासाठी असते.

या अक्षरांचा अर्थ काय, आणि ती इतकी गोंधळाची का?

एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, पीआर, सीआर, एलए ही सारी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगतात : औषध सावकाश सुटेल. भारतीय औषधकोशात ‘प्रोलाँग्ड रिलीज’ असा शब्द आहे. कंपन्या आपापल्या आवडीची अक्षरे लावतात. ‘एमआर’ म्हणजे सुटण्याची रीत बदललेली. ‘डीआर’ किंवा ‘ईसी’ हा मात्र वेगळा प्रकार. त्यात औषध सावकाश नव्हे, उशिरा सुटते. पँटोप्रॅझोल जठरातील आम्लात नष्ट होते, म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते; आतड्यात पोहोचल्यावर ते उघडते. ‘डीएसआर’ कॅप्सूलमध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदतात : पँटोप्रॅझोल उशिरा, डोम्पेरिडोन सावकाश.

खरा घोळ पुढे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. काही ब्रँडच्या नावातच ‘ओडी’ असते, तिथे त्याचा अर्थ सावकाश सुटणारी गोळी. आणि ‘ओडीटी’ म्हणजे तोंडात ठेवताच विरघळणारी, म्हणजे वेगाच्या दुसऱ्या टोकाची. एका अक्षराने इकडचे तिकडे. ही नावे ठेवणाऱ्यांनी कधी मेडिकलच्या काउंटरवर गर्दीच्या वेळी उभे राहून पाहायला हवे होते.

शिवाय आकडेही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ग्लिक्लाझाइड हे साखर कमी करणारे औषध साध्या गोळीत ८० मिलिग्रॅमचे असते, तर एमआर गोळीत ३० मिलिग्रॅमचे, आणि दोहोंचा परिणाम साधारण सारखा धरला जातो. ‘तीसची नाही, ऐंशीची अर्धी घ्या’ किंवा ‘साठची एमआर दिवसातून दोनदा’ असले हिशेब घरी बसून केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते किंवा वाढलेली राहू शकते. साध्या तीन गोळ्यांऐवजी डॉक्टरांनी एक एसआर लिहिली आणि रुग्णाने सवयीने तीही तीनदा घेतली, हा या चुकीचाच दुसरा अवतार.

गोळी तोडली किंवा चुरली तर नेमके काय होते?

जेलीचा थर, कवच, छिद्र यांपैकी काही शिल्लक राहत नाही आणि दिवसभराचा साठा एकदम सुटतो. औषधशास्त्रात याला ‘डोस डम्पिंग’ म्हणतात. अमेरिकेतील एका रुग्णालयात निफेडिपिनची सावकाश सुटणारी गोळी चुरून, रक्तदाबाच्या आणखी एका औषधासह नाकातल्या नळीवाटे एका महिलेला दिली गेली. रक्तदाब कोसळून तिचा मृत्यू झाला. ही घटना २००३ मध्ये तिथल्या औषधविषयक नियतकालिकात नोंदली गेली. चूक प्रशिक्षित माणसांच्या हातून, रुग्णालयात झाली होती. आपल्याकडे पक्षाघातानंतर नळीवर असलेले कितीतरी रुग्ण घरीच असतात आणि त्यांच्या गोळ्या घरातलेच कुणीतरी खलात घोटते. अशा रुग्णांच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला हवा : ही गोळी नळीतून देण्याजोगी आहे का, नसल्यास साधी गोळी किंवा पातळ औषध किती वेळा द्यायचे?

या गुणधर्माचा सर्वांत भीषण गैरफायदा अमेरिकेने पाहिला. ‘ऑक्सिकॉन्टिन’ या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. बारा तास पुरेल इतके औषध एका गोळीत भरलेले. सावकाश सुटत असल्याने व्यसनाचा धोका कमी, असे मूळ माहितीपत्रकात सूचित केले होते. लोकांना गोळी चावायला किंवा चुरायला वेळ लागला नाही. २००७ मध्ये उत्पादक कंपनीने दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि सहज चुरली न जाणारी गोळी यायला २०१० उजाडले. सावकाश सुटणाऱ्या गोळीत औषध कमी नसते, उलट जास्त असते, हे साधे सत्य मधल्या काळात हजारो कुटुंबांना भोवले.

चुरण्याचीही गरज नाही, अशी उदाहरणे आहेत. ‘पॅलाडोन’ नावाची वेदनाशामक कॅप्सूल २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये थांबवली गेली. मद्याबरोबर घेतल्यास तिचे आवरण विरघळून रक्तातील पातळी सरासरी सुमारे सहापट चढत असल्याचे चाचणीत आढळले होते. त्यानंतर अशा औषधांची मद्यातही चाचणी घेण्याकडे नियामकांचे लक्ष गेले. संध्याकाळी ‘बसणाऱ्यां’नी ही बाब लक्षात ठेवायला हरकत नाही, सगळीच आवरणे मद्यात विरघळत नाहीत, पण आपली कुठली आहे हे बाहेरून कळत नाही.

प्रत्येक सावकाश सुटणारी गोळी अखंडच घ्यावी लागते असेही नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या मूळ गोळीत आवरण चढवलेले शेकडो दाणे एकत्र दाबलेले असतात आणि मध्ये खाच असते. खाचेवर दोन तुकडे केले तरी दाणे शाबूत राहतात, म्हणून अर्धी गोळी घेता येते. चुरता किंवा चावता मात्र येत नाही. खाच नसलेली गोळी सुरीने कापणे टाळावे आणि खाच असली तरी एकदा विचारून घ्यावे, कारण त्याच औषधाची प्रत्येक कंपनीची बांधणी सारखी नसते.

युरोपने सावकाश सुटणारे पॅरासिटामॉल का थांबवले?

हे प्रकरण आपल्याकडे फारसे चर्चिले गेले नाही. युरोपातील काही देशांत, ऑस्ट्रेलियात ६६५ मिलिग्रॅमची दोन थरांची पॅरासिटामॉल गोळी मिळत असे : एक थर लगेच सुटणारा, दुसरा सावकाश. (कोविडकाळात आपल्या घराघरांत पोहोचलेली ६५०ची गोळी ती ही नव्हे, ती साधी आहे.) नेमून दिल्याप्रमाणे घेतली तर या गोळीत काही खोट नव्हती. प्रश्न होता तो अतिसेवनाचा.

पॅरासिटामॉल जास्त झाले की यकृत निकामी होऊ शकते, पण त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे. तो द्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी १९७५ पासून डॉक्टर एक आलेख वापरतात. गोळ्या घेतल्यानंतर किमान चार तासांनी रक्त तपासायचे, पातळी रेषेच्या वर असेल तर उतारा सुरू करायचा. हा आलेख साध्या गोळीवर बेतलेला. दुथरी गोळीत चौथ्या तासाला पातळी कमी दिसते आणि नंतर चढते. रुग्ण सुरक्षित समजून घरी पाठवला जाण्याची भीती. स्वीडनच्या विषबाधा माहिती केंद्राच्या अनुभवावरून युरोपीय औषध संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये या गोळीचे परवाने स्थगित करण्याची शिफारस केली आणि ते स्थगित झाले. ऑस्ट्रेलियाने बंदी न घालता २०२० पासून ती फार्मासिस्टमार्फतच मिळेल असा नियम केला. दोन्ही निर्णयांमागे तर्क आहे. पण युरोपचा निर्णय अधिक विचार करायला लावतो, कारण तो औषधाच्या रेणूमुळे नव्हे, केवळ सुटण्याच्या वेगामुळे झाला.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शने याच जातीची आहेत का?

तत्त्व तेच, जागा वेगळी. त्वचेखाली किंवा स्नायूत औषधाचा साठा करायचा आणि तिथून ते झिरपू द्यायचे. एचआयव्ही संसर्ग टाळण्यासाठीच्या लेनाकापाविर या सहामाही इंजेक्शनला अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याची जेनेरिक आवृत्ती बनवण्याचा परवाना मूळ कंपनीने २०२४ मध्ये ज्या सहा उत्पादकांना दिला, त्यात पुण्याची एम्क्युअर आहे. रोज गोळी आठवणीने घेणे ज्यांना जमत नाही, किंवा गोळ्यांची डबी घरात लपवून ठेवावी लागते, अशांसाठी ही सोय मोठी आहे. मात्र गोळी उद्यापासून बंद करता येते. टोचलेला साठा परत काढता येत नाही. आणि पुढचे इंजेक्शन चुकले तर औषध अपुऱ्या पातळीत कित्येक महिने शरीरात रेंगाळते. त्या काळात संसर्ग झाल्यास विषाणू औषधाला दाद न देणारा बनू शकतो.

कंपनी बदलली तर वेगही बदलतो का?

साध्या गोळीत दोन कंपन्यांचा माल विरघळण्यात थोडा मागेपुढे झाला तर सहसा फरक पडत नाही. सावकाश सुटणाऱ्या गोळीत विरघळण्याची गती हाच कौशल्याचा भाग असतो. अमेरिकेत ब्युप्रोपियॉन या नैराश्यावरील औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक एक्सएल गोळी २००६ मध्ये मंजूर झाली, तीही १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर घेतलेल्या चाचणीच्या आधारे. रुग्ण सांगू लागले, की गोळी बदलल्यापासून त्रास परत आला. बराच काळ ते मनाचे खेळ मानले गेले. अखेर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्वतः चाचणी घेतली आणि २०१२ मध्ये ती गोळी मूळ औषधाशी समतुल्य नसल्याचे जाहीर केले. तक्रार करणारे रुग्ण बरोबर होते.

भारतातला नियम कागदावर कडक आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार मंजूर औषधाचे सावकाश सुटणारे रूप हे कायमच ‘नवीन औषध’ मानले जाते. इतर नवीन औषधांचा नवेपणा चार वर्षांनी संपतो, याचा संपत नाही. म्हणजे केंद्रीय परवानगीशिवाय राज्याने परस्पर उत्पादन परवाना देणे अपेक्षित नाही.

बाजारातल्या गोळीचा वेग तपासण्याची पद्धतही ठरलेली आहे. शरीराच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंशांचे द्रावण एका भांड्यात सतत ढवळत ठेवायचे, त्यात गोळी टाकायची आणि ठरावीक तासांनी किती औषध सुटले ते मोजायचे. साध्या गोळीला एकच अट असते : अमुक मिनिटांत किमान इतके सुटले पाहिजे. सावकाश सुटणाऱ्या गोळीला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. पहिल्या तासात जास्त सुटता कामा नये आणि शेवटच्या तासापर्यंत कमी सुटता कामा नये. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची जी यादी जाहीर करते, तिच्यात ‘डिझोल्यूशन’ चाचणीत नापास हे कारण पुन्हा पुन्हा दिसते. अशी नोंद त्या विशिष्ट बॅचपुरती असते, सगळ्या ब्रँडला ती लागू होत नाही. तरीही ‘दर्जाहीन’ म्हणजे ‘आत औषधच नाही’ असा जो अर्थ बातम्या वाचून घेतला जातो, तो अपुरा आहे. औषध पूर्ण असूनही, चुकीच्या वेगाने सुटणारी गोळी नापासच असते.

किमतीची बाजूही आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत साधी गोळी असली म्हणून तिचे सावकाश सुटणारे रूप आपोआप यादीत येत नाही. ते वेगळे नमूद करावे लागते. कमाल किमतीचे नियंत्रण या यादीला जोडलेले असल्याने अक्षरे जोडल्यावर पैसे जास्त मोजावे लागू शकतात. जिथे अर्धायुष्य कमी आहे तिथे ते मोजणे रास्त. जिथे साधी गोळीही दिवसाला एकच पुरते, तिथे ‘ही एसआर कशासाठी?’ असे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही.

रुग्णाला हे सारे कळणार कसे?

इथे व्यवस्था फारच तोकडी पडते. ‘अखंड गिळा, चावू अथवा चुरू नका’ ही सूचना अनेक स्ट्रिपवर असते. पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, चंदेरी फॉइलवर. त्यात आपल्याकडे चार दिवसांच्या चार गोळ्या कात्रीने कापून देण्याची पद्धत. कापलेल्या तुकड्यावर कधी मुदतीची तारीख नसते, कधी नेमकी ‘एसआर’ ही अक्षरे पलीकडच्या तुकड्यावर राहतात.

१ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. हा मजकूर ज्या मोबाइलवर वाचता आहात, त्यानेच तो स्कॅन होतो. त्यातून ब्रँड आणि औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक कळतो. बनावट औषध ओळखायला हे उपयोगी आहे. गोळी तोडावी का, जेवणाआधी की नंतर, नळीतून चालेल का, हे सांगणे नियमाने मागितलेल्या तपशिलात नाही. मराठी किंवा हिंदीत दोन ओळी त्याच कोडमागे ठेवायला तांत्रिक अडचण कोणतीच नाही.

पर्यायी गोळीबद्दल मात्र कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार चिठ्ठीवरच मिळणारे, म्हणजे ‘शेड्यूल एच’मधील औषध लिहिलेले असताना विक्रेत्याला त्याऐवजी दुसरे औषध देता येत नाही, मग त्यात तोच घटक का असेना. ‘एसआर संपलीय, साधी देऊ का?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर एकच : आधी डॉक्टरांना फोन. चिठ्ठीवरची अक्षरे आणि हातातल्या स्ट्रिपवरची अक्षरे जुळतात का, हे दुकानातून निघण्याआधी पाहायला अर्धा मिनिट लागतो. कापलेला तुकडा मिळाला तर पूर्ण स्ट्रिपचा मोबाइलने फोटो काढून घ्यावा. एखादी गोळी घ्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. आणि घरात कुणाची गोळी रोज कुटून दिली जात असेल, तर आजच तिची स्ट्रिप शोधून नावापुढे काय लिहिले आहे ते बघावे.